मांडीवरचं डांगर

घरात बाळ जन्मलं की भांडणं लागतात, यात नवल नाही. नाव कोणी ठेवायचं, टाळूवर तेल कोणतं घालायचं, काजळ लावायचं की नाही, यावरून शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर येतात. पण रखमाजींच्या घरात जे भांडण लागलं, ते तिसगावच्या पंचक्रोशीत त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. ते लागलं एका खुर्चीवरून. मोटारीत ठेवायच्या बाळाच्या खुर्चीवरून!

रखमाजींचा मुलगा सम्राट टेलिफोन खात्यात होता. सून अश्विनी शेवगावला सरकारी दवाखान्यात नर्स. सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात सम्राटनं जुनी पांढरी मारुती गाडी घेतली. वस्तीवरची ती पहिली मोटार. दिवाळीनंतर अश्विनीला माहेरी, नेवाशाला, मुलगी झाली. सगळे तिला लाडानं चिमी म्हणू लागले. आता दोन महिने भरत आले होते आणि नातीला घरी आणायचं होतं.

रखमाजींनी त्या दिवसाचं चित्र मनात केव्हाच रंगवून ठेवलं होतं. गाडीत पुढच्या जागेवर, काच खाली करून, आपण बसायचं. मांडीवर नात. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपासून वेशीपर्यंत गाडी अगदी हळू न्यायची. ज्या रस्त्यानं आपण लहानपणी चप्पल हातात घेऊन चाललो, ज्या रस्त्यावर बैलगाडीच्या मागं पळालो पण गाडीत कोणी बसू दिलं नाही, त्याच रस्त्यानं आपली नात पुढच्या सीटवर बसून येणार. गावानं बघावं! एवढी एकच हौस त्या म्हाताऱ्याला उरली होती, आणि ती काही वाईट हौस नव्हती.

अश्विनीनं नेवाशाहून चिठ्ठी पाठवली होती. ‘नगरला जाऊन बाळाची गाडीतली खुर्ची आणा. बाबागाडी नसली तरी चालेल. खुर्ची विसरू नका.’ शेवटच्या ओळीखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

बापलेक नगरला गेले. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत शामकांत नावाच्या गृहस्थांचं लहान मुलांच्या सामानाचं दुकान होतं. पाळणे, झबली, खुळखुळे, आणि दारातच एक लालभडक बाबागाडी. वर झालरीची छत्री, दोन्ही बाजूंना चकचकीत दांड्या. रखमाजींचा पाय तिथंच थांबला.

“आरं, हा तर रथच हाय!”

शामकांत चष्मा कपाळावर सरकवून हसले. “दिसायला रथ आहे आबा, पण खरं सांगू का? चाकं बारीक आहेत. फरशीवर चालेल. तुमच्याकडं फरशी आहे का?”

“आमच्याकडं मुरूम हाय. पन मुरमावर रथ चालत न्हाई का?”

सम्राटनं चिठ्ठी पुढं केली. शामकांतांनी ती वाचली आणि आतून एक मोठं खोकं ओढून आणलं. कुणा गिऱ्हाइकानं ते मुंबईहून सांगून मागवलं होतं आणि न्यायला आलंच नव्हतं. त्यात जाड चाकांचा एक सांगाडा होता आणि त्याच्यावर बसणारी खोलगट खुर्ची. शामकांतांनी खटका दाबला, खुर्ची सांगाड्यावरून सुटून हातात आली.

“हा सगळा एक संच आहे. खुर्ची सांगाड्यावर बसवली की बाबागाडी. गाडीनं जायचं असलं की बाळ झोपलेलंच खुर्चीसकट उचलायचं आणि मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवायचं. मोटारीच्या पट्ट्यानं खुर्ची आवळायची आणि हे आतले पट्टे बाळाच्या खांद्यावरून घ्यायचे. बाळाचं तोंड मागच्या काचेकडं.”

रखमाजींचा चेहरा उतरला. ते खाली वाकले आणि त्यांनी तो काळा पट्टा दोन बोटांत धरला.

“म्हंजी पोराला बांधायचं?”

“बांधायचं म्हणजे, आबा, धरून ठेवायचं.”

“धरायला हात हायेत आमाला. आन तोंड मागं? मग गावाला नात दिसनार कशी? पाठ दाखवत आनायची व्हय?”

“आबा, अश्विनीनं सांगितलंय...” सम्राटनं हळूच सुरुवात केली.

“तिनं सांगितलंय, मी ऐकलंय. माझ्या नातीला मी बांधू देनार न्हाई. एकदा सांगितलं ना!”

दुकानातली दोन गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. सम्राट सव्वीस वर्षांचा झाला होता, खांबावर चढून तारा जोडत होता, पण बापाला उलट उत्तर त्यानं जन्मात दिलं नव्हतं. त्यानं ती लाल बाबागाडी बांधून द्यायला सांगितली. खुर्ची खोक्यात परत गेली.

आता, रखमाजी हटवादी होते म्हणून तसं बोलले, असं कोणी समजू नये. ते सहा वर्षांचे असताना त्यांच्या वडलांना चावडीपुढच्या खांबाला गुराच्या दाव्यानं बांधलं होतं. दिवसभर, उन्हात. गुन्हा काय? तर सरकारी टपाल पोचवायला उशीर झाला. घरात बायको तापानं फणफणली होती, हे कोणी विचारलं नाही. सहा वर्षांचं पोर समोरच्या लिंबाखाली उभं राहून बापाच्या मनगटावरचा तो फास बघत होतं. पुढं छप्पन साली दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकून दिली, पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरं गिरवली. सगळं केलं. पण पट्टा, दोरी, दावं दिसलं की त्यांचं मनगट अजून आपोआप आखडायचं. आजवर त्यांनी हातात घड्याळसुद्धा बांधलं नव्हतं.

घरी बाबागाडी उतरवली तेव्हा अख्खी वस्ती गोळा झाली. पोरांनी ती ढकलून बघितली. दहा पावलं गेली आणि चाकं मुरमात रुतली. उचलून पुढं ठेवली, परत रुतली. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी, म्हणजे रखमाजींच्या बायकोनं, तिच्यात मेथीच्या जुड्या रचल्या.

“आगं, ती नातीची हाय!” रखमाजी ओरडले.

“मंग नात येऊस्तवर मेथी बसंल. तुमच्या रथाला कोनीतरी स्वार नको व्हय?”

रविवारी तिघं नेवाशाला गेले. रखमाजी धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला निळी टोपी घालून पुढं बसले होते. अश्विनीच्या आईनं, भीमाबाईंनी, चहा केला, जेवायला वाढलं. निघायची वेळ झाली. अश्विनी चिमीला दुपट्यात गुंडाळून दारात आली, गाडीजवळ गेली, मागच्या काचेतून आत बघितलं आणि थांबली.

“खुर्ची कुठाय?”

सम्राट चाकाकडं बघायला लागला, जणू हवा कमी झाली होती.

“खुर्ची मी नको म्हनलो,” रखमाजी म्हणाले. “त्याला काय विचारतीस? मला विचार. आन नातीला इकडं. मी पुढं बसतो घिऊन.”

“आबा, मांडीवर नाही देणार मी.”

भीमाबाईंच्या हातातला तांब्या तिथंच थबकला. सासऱ्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायची ही कुठली रीत! पण अश्विनीचा आवाज चढला नव्हता. तो शांत होता, आणि म्हणूनच तो टळणारा नव्हता.

“आबा, मागच्या मे महिन्यात लग्नाची जीप उलटली, आठवतं? जखमी आमच्याकडं आणले होते. ड्यूटीवर मी होते. एक बाई होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. सारखी आपली मांडी चाचपत होती आणि म्हणत होती, ‘हितं हुतं, आत्ता हितं हुतं.’ आईची मांडी शाबूत होती, आबा. मांडीवरचं लेकरू नव्हतं. ते काच फोडून बाहेर पडलं होतं.”

“ती जीप हुती. बारा मानसं कोंबलेली. आपला सम्राट काय पिऊन चालवतोय?”

“समोरचा पिऊन आला तर?”

“आगं, ह्या हातांनी मी विहिरी खांदल्यात! सुरुंगाची भोकं पाडलीत! दोन महिन्याचं पोर मला धरता येनार न्हाई?”

“नाही येणार. माझ्या आईलाही नाही, मलाही नाही. कुणालाच नाही.”

रखमाजी संतापले. “आगं, माझ्या बापाला बांधलं हुतं! चावडीपुढं! मी बघत हुतो. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या घरातलं कुनीसुद्धा पुन्हा बांधलं जानार न्हाई. आन तू, माझी सून, माझ्या घरातल्या सगळ्यात धाकट्या जिवाला पट्टे आवळनार?”

चिमीनं दुपट्यातून एक मूठ बाहेर काढली. अश्विनीचे डोळे भरले होते, पण तिनं नजर खाली घातली नाही.

“आबा, तुमच्या वडलांना बांधलं ते पापच होतं. त्याच्याविरुद्ध तुम्ही उभे राहिलात, म्हणून सम्राट शिकले आणि मलासुद्धा माझ्या बापानं शिकवलं. तुमच्यासारख्यांनीच शिकवलं मला, की चूक दिसली की वडीलधाऱ्यांपुढंही नाही म्हणायचं. आता मी नाही म्हणतेय, तर ऐकून घ्या. खुर्ची आणा, त्याच पावली मी गाडीत बसते. नाहीतर मी आणि चिमी इथंच. दवाखान्यात इथून एस.टी.नं जाईन.”

ती आत गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लोटून घेतलं. सम्राटचा चिमीच्या टोपीला हात लावायचा राहिला होता, तो तसाच राहिला.

बिचाऱ्या भीमाबाई! व्याह्यांना रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? परसातल्या वेलावरचं एक डांगर त्यांनी तोडून आणलं आणि रखमाजींच्या हातात दिलं. नात न्यायला आलेला आजा डांगर घेऊन निघाला.

गाडी नेवाशाबाहेर पडली. मागं गाठोड्यांच्या गराड्यात बसलेल्या चांगुणाबाई म्हणाल्या, “आवं, ते डांगर खाली पायापाशी ठेवा.”

“ठेवत न्हाई.” रखमाजींनी ते मांडीवर घेतलं, दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. “बघ. बघ नीट! आशी आनली असती नातीला. हे बघ, काय हुतंय का? नेवाशापासून घरापत्तुर मी हे आसंच नेनार. मंग जाऊन सांगा तुमच्या नर्सबाईला.”

“चार किलोचं आसंल न्हाई?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“आसंल की.”

“म्हंजी चिमीएवढं.”

“तेच तर सांगतोय!”

कुकाणं मागं पडलं. उसाचे दिवस होते, रस्त्यावर पाचट सांडलं होतं. वेगाचा काटा चाळिसाच्या वर नव्हता. सम्राट गाडी नीटच चालवत होता, त्यात त्याची काही चूक नव्हती. उजव्या हाताच्या फडातून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर एकाएकी डांबरीवर चढला आणि रस्ता आडवा झाला.

सम्राटनं करकचून ब्रेक दाबला.

धाड!

गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. रखमाजींचं कपाळ काचेवर आदळलं होतं. मागची गाठोडी पुढं आली होती. ट्रॅक्टरवाला वळूनसुद्धा न बघता निघून गेला. सगळे जिवंत होते, हातपाय धड होते. म्हटलं तर काहीच झालं नव्हतं.

पण डांगर मांडीवर नव्हतं.

काचेखालच्या फळीवर आपटून ते फुटलं होतं. केशरी गर फळीला चिकटला होता. काचेवर बिया लागल्या होत्या आणि एकेक करून खाली ओघळत होत्या. एक मोठी खाप रखमाजींच्या पायापाशी पडली होती.

रखमाजींनी आपल्या हातांकडं बघितलं. ते अजून तसेच होते. गोल. कवेत धरल्यासारखे. आणि मध्ये काही नव्हतं. ते कधी सुटलं, कसं सुटलं, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं!

“आबा, लागलं का? आबा!” सम्राट त्यांना हलवत होता.

“हितं हुतं,” रखमाजी म्हणाले. “आत्ता हितं हुतं.”

आणि आपल्याच तोंडून निघालेले शब्द ऐकून तो दगडासारखा माणूस हमसून रडायला लागला.

सम्राटनं गाडी कडेला, एका बाभळीखाली घेतली. चांगुणाबाईंनी उतरून रखमाजींना सावलीत बसवलं. त्यांनी पदर ओला करून नवऱ्याचं कपाळ पुसलं, मग फडक्यात डांगराचे तुकडे गोळा करायला लागल्या. ते करताकरताच त्या बोलल्या.

“बहात्तरच्या दुष्काळात आपुन खडी फोडायला गेल्तो. आठवतंय का?”

रखमाजींनी मान हलवली.

“सम्राट तवा सालभराचा हुता. मुकादम म्हनायचा, पोरं झाडाखाली ठेवा. लंकाबाईनं ठेवलं. तिचं पोर रांगत रांगत खानीत पडलं, हात मोडला. दुसऱ्या दिशी मी काय केलं?”

“पाठीशी घेतलंस त्याला.”

“घेतला न्हाई. बांधला. जुन्या लुगड्यानं, काखेखालून, कमरंवरनं, लई गच बांधला. घनाचा घाव घातला तरी पोर हलत नव्हतं. आन ती गाठ कोनी मारली हुती?”

रखमाजींनी नजर बाभळीकडं वळवली.

“बोला की! माझा हात पाठीमागं पोचत नव्हता. रोज सकाळी गाठ कोन मारायचं?”

“मी.”

“तुमी! ह्याच हातांनी. वढून वढून बघायचा, सुटतीय का म्हनून. तवा न्हाई आठवली चावडी? तवा न्हाई म्हनला, माझं पोर बांधू नगं? मामंजींना बांधलं त्यांनी, हलता येऊ नये म्हनून. मान खाली जावी म्हनून. आपुन पोर बांधलं ते जगावं म्हनून! दोनी गाठी सारख्याच दिसतात व्हय तुमाला? आवं, दाव्याला आन पदराला एकच समजाया लागलात, तर त्या चावडीवाल्यांनी तुमाला आजूक बांधूनच ठेवलंय म्हनायचं. मनगट सुटलं, आन डोकं तिथंच खांबाला!”

असं बोलून त्या माउलीनं फडक्याची गाठ मारली. “ह्याची भाजी करते संध्याकाळी. धुतलं की चालतंय.”

मग रखमाजी उठले. गाडीत बसल्यावर त्यांनी खांद्यामागं हात नेला, आजवर कधी न ओढलेला पुढच्या सीटचा पट्टा ओढला आणि मुलाला विचारलं, “हे कुठं अडकवत्यात?”

दुसऱ्या दिवशी सम्राटला रजा नव्हती. रखमाजी एकटेच नगरच्या एस.टी.त चढले. टपावर लाल बाबागाडी, काखेत पिशवी.

“आजोबा, बाबागाडी हाय, बाळ कुठंय?” कंडक्टरनं विचारलं.

“बाळ रुसून बसलंय. समजूत घालायला निघालोय.”

दुकानात शामकांतांनी त्यांना ओळखलं. बाबागाडीच्या चाकातला मुरूम आणि आतली मेथीची पानं बघून ते मिशीत हसले. खोकं तसंच होतं.

“ही परत घ्या आन तो संच द्या,” रखमाजी म्हणाले. “पन आधी मला बांधून दाखवा.”

“कुणाला बांधू? आज बाहुला नाही दुकानात.”

रखमाजींनी पिशवीतून डांगर काढून टेबलावर ठेवलं. तिसगावच्या बाजारातून पारखून घेतलेलं, चिमीच्या वजनाचं.

शामकांतांनी डांगरावर टिचकी मारली. “तीस वर्षं दुकान चालवतोय आबा. डांगराला बसवून खुर्ची पारखणारे तुम्ही पहिले!”

“फुटल्याबिगर अक्कल येत न्हाई. एक फुटलंय, म्हनून दुसरं आनलंय.”

शामकांतांनी डांगर खुर्चीत ठेवलं, त्याच्यावरून पट्टे घेतले, टक् करून खटका लावला. रखमाजींनी खुर्ची उचलली आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवली. एकदा, दोनदा, तीनदा. डांगर जागचं हललं नाही.

“आन तोंड मागं कशापायी?”

“एवढ्याशा बाळाची मान लेचीपेची असते. तोंड पुढं असलं आणि गाडी थांबली, की डोकं पुढं फेकलं जातं. पाठ पुढं असली, तर धक्का सगळ्या पाठीला बसतो. मान वाचते.”

“बरं. गावाला तोंड नंतर दावू. मान राहिली तर तोंड दिसंल.”

एक अडचण उरली होती. त्या जुन्या गाडीत मागच्या सीटला पट्टेच नव्हते. रखमाजींनी सम्राटला घेऊन शेवगावच्या गोरक्ष मिस्त्रीचं गॅरेज गाठलं. गोरक्ष पान्यानं डोकं खाजवत म्हणाला, “मागं पट्टा? आवो, पुढचा कोन लावत न्हाई, मागं कोन बांधतंय?”

“आमी बांधतो.”

“लोक हसतील, आबा.”

“हसू दे. दात त्यांचं, नात माझी. दोन पट्टे लाव, पक्क्या लोखंडाला बोल्ट मार. मी हिसका देऊन बघनार हाय.” आणि रखमाजींनी खरोखरच सीटवर बसून, दोन्ही पाय रोवून, पट्ट्याला असे हिसके दिले की गोरक्षला बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागले.

पुढच्या रविवारी गाडी नेवाशाच्या दारात उभी राहिली. अश्विनी बाहेर आली, मागच्या सीटवर बघितलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. रखमाजींनी खिशातून एक कागद काढला. सम्राटनं शामकांतांकडून समजून घेऊन मोठ्या अक्षरांत तो लिहून दिला होता. रखमाजी एकेक अक्षर जोडत वाचू लागले, “पट्टा, खांद्यावरून. पीळ, पडू, देऊ नये. पट्ट्याखाली, एक बोट, जाईल, इतकाच सैल.” एकेक ओळ वाचायची आणि तसं करायचं. शेवटी त्यांनी आपलं जाडजूड बोट चिमीच्या छातीवरच्या पट्ट्याखाली सरकवलं. चिमीनं ते मुठीत धरलं.

“बरोबर हाय का, नर्सबाई?”

“बरोबर आहे, आबा.” अश्विनी रडत होती आणि हसतही होती.

“माझं चुकलं, पोरी. आसंच न्हाई म्हनत जा. मी चिडलो तरी म्हन.”

मग ते चांगुणाबाईंकडं वळले. “तू पुढं बस.”

“मी? पुढं?”

“व्हय. मी नातीशेजारी बसतो. बस की! गाडी घेतल्यापासून मागं गाठोड्यात बसतीस. पट्टा मी लावून देतो, तुझा हात पोचायचा न्हाई.”

गाडी तिसगाव ओलांडून गावच्या फाट्यावर आली. टपरीवर नेहमीची बैठक होती. तिचा म्होरक्या आसाराम, गावातला बडा बागायतदार. त्याची जीप बाजूलाच सुरू करून ठेवलेली. तो स्वतः चाकामागं बसला होता आणि त्याचा चार वर्षांचा नातू त्याच्या मांडीवर उभा राहून स्टेअरिंग फिरवत होता. आसारामनं हात करून गाडी थांबवली आणि खिडकीतून वाकून बघितलं.

“काय रखमाजी! आज मागं? पुढची गादी गेली वाटतं म्हातारीकडं! आन हे काय, पोरीला बांधून आनलंय?” तो टपरीकडं वळून हसला. “बघा रं, जन्मभर ह्यो मानूस सांगत फिरला, आमाला कोनी बांधायचं न्हाई. आता स्वताच स्वताला पट्टा घालून बसलाय!”

टपरी हसली. सम्राटची कानशिलं लाल झाली. त्याचा पाय ब्रेकवरून सुटायला लागला.

“थांब,” रखमाजी म्हणाले. “गाडी बंद कर.”

त्यांनी काच पूर्ण खाली केली. पट्टा सोडला नाही. छातीवर तो तसाच राहू दिला आणि ताठ बसून, सगळ्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“आसारामशेठ, त्या चावडीच्या खांबाला माझ्या बापाला बांधलं, तवा त्याला कोनी इचारलं नव्हतं. हा पट्टा मी माझ्या हातानं लावलाय, आन माझ्या हातानं सोडीन. माझी नात तर कुनापुढं मान खाली घालायला न्हाई बांधली. तिची मान मोडू नये म्हनून बांधलीय! तिला लांब जायचंय. शाळंत जायचंय, आईवानी नोकरीला जायचंय, जमलं तर तुमच्या गावची सरपंच व्हायचंय. तवर तिला मी जपनार. आन तुमी हसताय? मांडीवरचं पोर बघा आधी! समोरनं ट्रॅक्टर आला तर चाकाचा दांडा कुनाच्या छातीत घुसंल? तुमच्या का त्याच्या? लोक काय म्हनत्यात ह्याची भीती आमाला पिढ्यान्‌पिढ्या घातली. आता न्हाई. हसा, पोटभर हसा! पन त्या पोराला मागं बसवून मग हसा.”

कोणी हसलं नाही. चहाचं आधण तेवढं उकळत होतं. पुढच्या सीटवरून चांगुणाबाईंनी शांतपणे विचारलं, “झालं का भाषान? लेकराची दुधाची येळ झाली.”

सम्राटनं गाडी सुरू केली. वेशीजवळ पोचल्यावर त्यानं आरशात बघितलं आणि नुसता “आबा” म्हणाला. रखमाजींनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. आसाराम जीपमधून उतरला होता. नातवाला उचलून तो मागच्या बाकावर बसवत होता. पोरगं हातपाय झाडत होतं, आणि आसाराम इकडंतिकडं बघत होता, कोणी बघत तर नाही ना म्हणून.

चिमी मागच्या काचेकडं तोंड करून जागी होती. सगळा गाव, टपरी, फाटा, ती जुनी चावडी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून हळूहळू मागं मागं जात होतं. आजोबाचं बोट तिच्या मुठीत होतं.

मित्रहो, आपल्याकडं अजून मोठ्या हौसेनं लेकरू पुढच्या सीटवर मांडीवर घेतात, मोटारसायकलच्या टाकीवर बसवतात, आणि कुणी पट्टा लावला की त्याला भित्रा म्हणतात. लेकराला जपायला लाज कसली? लाज वाटायचीच असेल, तर लोक हसतील म्हणून लेकराचा जीव पणाला लावायची वाटावी. ज्या बंधनानं माणूस खाली वाकतो, ते तोडून फेका, मग ते बांधणारा कितीही मोठा असो. पण ज्या गाठीनं लेकरू जगतं, ती आपल्या हातानं मारा, आणि सुटत नाही ना, हे ओढून बघा. आपले हात कितीही बळकट असोत, त्यांच्या भरवशावर राहू नका. डांगर एक फुटलं तर वेलाला दुसरं लागतं.